यारी हलवायचा दिवस

बकेट वर येते, पण आज तिच्यात दगड नाहीत. दोन पहारी, एक टिकाव, घमेली आणि पाण्याचा निळा कॅन एवढंच सामान आहे. बकेटीच्या काठावर दोन्ही पाय रोवून, एका हाताने तार धरून तळातला शेवटचा माणूस तिच्याबरोबर वर येतोय. यारीची दांडी बाजूला फिरते. तो जमिनीवर उतरतो, वळून विहिरीकडे बघतो आणि कपाळाला हात लावतो. "आई राजा उदो उदो!" मागून कुणीतरी म्हणतं, बाकीचे सूर धरतात. तुळजापूरच्या शिवारात कामाची सुरुवात आणि शेवट या घोषाशिवाय होत नाही.

आम्ही काक्रंब्याच्या बाजूला आहोत. मे महिना आहे, सकाळचे सात वाजलेत आणि उन्हाला आताच धार आलीय. दूर बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या संथ फिरतायत. विहीर 8 परस झाली, म्हणजे 45 फुटांच्या आसपास. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे एकावर एक बसलेत, आणि पाणी लागतं ते दोन थरांच्या मधल्या सांध्यात नाहीतर मांजऱ्याच्या भेगांत. इथे ते तळाच्या पूर्व अंगाने बारीक धारेने आलंय. शेतकरी खूश आहे, सगळ्यांना चहा फिरवतोय.

यारीवाल्यांना मात्र आज पैसे नाहीत. आज यारी हलवायची आहे.

गुत्तं फुटावर ठरलेलं असतं. विहीर एक फूट खाली गेली की एका फुटाचा भाव हातात पडतो. यारी उतरवणं, ट्रॉलीत भरणं, दोन-अडीच किलोमीटरवरच्या दुसऱ्या शेतात नेणं, तिथे उभी करून ताण बांधणं, यातलं काहीच फुटात बसत नाही. त्यामुळे हा दिवस होईल तेवढा लवकर उरकायचा, आणि जमलं तर दुपारनंतर नव्या विहिरीत चार बकेटी काढायच्या, हा सगळ्यांचा बेत. मी आजचाच दिवस निवडून आलोय, कारण विहिरीवरच्या माणसांना विचारलं की जास्त कधी लागतं, तर खोदाईच्या आधी ते या दिवसाचं नाव घेतात.

ज्यांनी यारी जवळून पाहिली नाही, त्यांना ती दाखवायला हवी. विहिरीच्या काठाला लोखंडी चौकट. चौकटीवर उभा खांब, त्याच्या बुडाशी फिरती बैठक, तिच्यातून विहिरीवर झुकलेली वीसेक फुटांची जाळीदार दांडी, दांडीच्या टोकाला कप्पी. चौकटीच्या मागच्या अंगाला एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याच्यावर फिरणारा ड्रम. ड्रमची तार कप्पीवरून उतरून बकेटीला लागते. ड्रायव्हरच्या हाताशी क्लच, पायाशी ब्रेक. पुढचा भार तोलायला चौकटीच्या मागे दगड रचलेले असतात, आणि खांब कलंडू नये म्हणून तीन दिशांना ताण, जमिनीत ठोकलेल्या पहारींना बांधलेले. ही यारी एका वेल्डिंगच्या दुकानात तयार झालीय, गिअर जुन्या ट्रकचा आहे. किती भार उचलायचा, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही. मला सगळ्यात आधी तेच खटकतं. फुटलेला काळा पाषाण नुसता पाव घनमीटर भरला तरी वजन 400 किलोच्या घरात जातं. ही बकेट तेवढा माल सहज घेते.

माणसं सहा. ड्रायव्हर पन्नाशीचा आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. दोघे सख्खे भाऊ, नळदुर्गच्या बाजूच्या तांड्यावरचे. एक वडार वस्तीतला. सुरुंगाचं भोक कुठे घ्यायचं, यात त्याचा शब्द शेवटचा. एक विशीतला पोरगा, पहिल्याच हंगामाचा. आणि एक पस्तिशीचा, शर्टाखाली कमरेला पट्टा बांधलेला.

"मणक्यात गॅप हाय," तो मला सांगतो. मागच्या साली इंजिन ट्रॉलीत चढवताना कमरेत कडकन आवाज आला आणि तो तिथेच बसला. काही दिवस अंथरुणात काढले, पण उचल फिटली नव्हती म्हणून परत आला. आज इंजिन उतरवताना चार कोपऱ्यांपैकी एकाला पुन्हा तोच उभा राहतो. चौघे दोन बांबूंवर इंजिन पेलतात, दहा पावलं चालतात, टेकवतात, परत उचलतात.

एका प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचं ओझं 55 किलोंच्या वर जाऊ नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली केली. हे इंजिन चौघांत वाटलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून जास्त येत असणार. आणि ते सारखं वाटलं जात नाहीच. ढेकळात एकाचा पाय मुरगळतो, तो अर्धं पाऊल मागे राहतो, आणि तेवढ्या क्षणापुरता त्याचा वाटा शेजारच्याच्या कमरेवर जातो. मी समोरून बघतोय. पट्टेवाल्याचा चेहरा त्या क्षणी पांढरा पडतो, ओठ घट्ट मिटतात, आणि पुढच्या पावलाला तो पुन्हा सरळ होतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. पाठ अशीच जाते, असल्या अर्ध्या पावलांनी.

मामाला उतरवायचा क्रम तोंडपाठ आहे. आधी बकेट सोडायची. मग दांडी विहिरीवरून जमिनीकडे फिरवून हळूहळू खाली आणायची. ती टेकली की मगच मागचे दगड काढायचे. ताण सगळ्यात शेवटी. दांडी हवेत असताना दगड काढले तर सगळी चौकट पुढे कलंडते, ताण सोडला तर खांब पडतो. हा क्रम कुठल्या पुस्तकात वाचून आलेला नाही, पण कुठल्याही उचलयंत्राच्या जाणकाराने हाच सांगितला असता. अडचण एवढीच की तो फक्त मामाच्या डोक्यात आहे. दांडी अजून निम्म्यावर असताना पोरगा हातोडा घेऊन पहारीकडे जातो आणि ताणाच्या गाठीला हात घालतो.

"ए पोरा! हात काढ ताणावरनं! खांब डोक्यावर येईल की!"

पोरगा चटका बसल्यासारखा मागे सरतो. आपलं काय चुकलं ते त्याला कळलेलं नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मामाचं लक्ष त्या वेळी ब्रेकवर असतं तर? ड्रायव्हरने यंत्र चालवायचं, भार बघायचा आणि पाच माणसांवरही नजर ठेवायची. एका माणसावर एवढं सोपवणं हीच अपघाताची तयारी आहे. बांधकामावर इशारा देणारा माणूस वेगळा ठेवतात तो यासाठीच.

दांडी जमिनीला टेकते. तार सैल पडते आणि मातीत वेटोळं होऊन पसरते. शेतकऱ्याचे वडील, ऐंशीच्या घरातले, इतका वेळ बाभळीखाली बसलेत. ते काठी टेकत येतात, खांद्यावरचा पंचा तारेभोवती धरतात आणि तार त्यातून ओढायला लागतात. हातभर तार नीट सरकते, मग पंचा अडकतो. परत सरकते, परत अडकतो. तुटलेल्या बारीक तारांची टोकं कापडात रुततायत.

"तार खायलीय रे," ते मामाला म्हणतात. "मोटंचा नाडा आसा झाला आसता तर आम्ही बैल जुपलं नसतं."

मामा काही बोलत नाही. मी खाली वाकून बघतो. तारेचा एक पेड दोरीभोवती पूर्ण एक वेढा घेतो तेवढ्या लांबीत सहा बारीक तारा तुटलेल्या दिसल्या की ती दोरी बाद करायची, हा उचलकामातला रूढ नियम आहे. पंचा जिथे अडकला तिथे मी मोजतो. सहाच्या वर जातात. वंगण तर केव्हाच सुकलंय. बकेटीच्या कडीला तार वळवून जिथे बांधलीय तिथे तीन तरी क्लॅम्प हवेत. इथे दोन आहेत, आणि त्यातला एक उलटा. क्लॅम्पची चपटी बैठक भार घेणाऱ्या तारेवर बसायला हवी आणि यू-आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटा बसवला की बोल्ट भाराच्या तारेलाच चावतो. दोन पाने आणि पाच मिनिटं, एवढ्यात सुधारणारी ही गोष्ट आहे.

याच तारेच्या भरवशावर काल दिवसभर माणसं वर-खाली गेलीत. 45 फुटांवरून सुटलेल्या वस्तूला तळ गाठायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि तळाशी तिचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या जवळ पोचलेला असतो. खाली असलेल्याला बाजूला व्हायला जागा म्हणजे विहिरीचा घेर, बस्स.

"नवी तार पायजे, ते मला कळत न्हाय का?" बऱ्याच वेळाने मामा म्हणतो. "गुत्तेदार म्हणतोय ही विहीर निघू दे. मागच्या विहिरीलाबी त्यो हेच म्हणला."

ट्रॉली येते. ट्रॅक्टरवाल्याला अकरा वाजता दुसरीकडे जायचंय, तो इंजिन बंदच करत नाही. त्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांवर आलेत. दांडी आडवी करून पहारींवरून सरकवत चढवतात. इंजिन चढतं. राहते ड्रमची चौकट, सगळ्यात जड आणि सगळ्यात बेढब. तिचं वजन किती, मी प्रत्येकाला विचारतो. एक जण अडीचशे किलो म्हणतो, एक चारशे, मामा म्हणतो, "उचलतंय की, मग झालं." उचलकामाचा पहिला धडा वजन माहीत असणं हा आहे, आणि इथे पहिलाच धडा अंदाजावर चाललाय.

तीन पाइपांची तिपाई उभी केलीय, तिला चेनपुली टांगलीय. चौकटीच्या दोन टोकांना एकच साखळी अडकवून ती मधोमध आकड्यात घेतलीय. साखळी आखूड आहे, त्यामुळे तिचे दोन्ही पाय उभे न राहता जवळजवळ आडवे ताणलेत. दिसायला यात काही वावगं नाही. पण साखळीचे पाय जमिनीशी 60 अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक पायावर भाराच्या निम्म्याहून थोडा जास्त ताण येतो. कोन 30 अंशांवर आला की प्रत्येक पायावर पूर्ण भाराएवढा. म्हणजे दोन पाय असूनही एकेकाला सगळं वजन पेलावं लागतं, शिवाय भार आत ओढला जातो आणि उचलला की झोके घेतो. लांब साखळी असती तर हे टळलं असतं. लांब साखळी ट्रॉलीच्या तळाशी, दांडीच्या खाली गेलीय. ती काढायला दांडी परत उतरवावी लागेल.

"चालतंय, घ्या," गुत्तेदाराचा माणूस मोटारसायकलवर बसल्या बसल्या म्हणतो.

चौकट वर उठते. हळू फिरते. थोरला भाऊ ट्रॉलीच्या फाळक्यापाशी आहे, धाकटा पलीकडे. चौकटीचा कोपरा फाळक्याकडे येताना दिसतो आणि थोरला तो थोपवायला हात पुढे करतो. कुणीही केला असता. अंगावर येणारी वस्तू हाताने थांबवणं हा माणसाचा स्वभाव आहे. भाराला दोर बांधून लांबून आवरायचं असतं, ही शिकवायची गोष्ट आहे, ती आपोआप येत नाही. साखळी एका बाजूला दोन कड्या घसरते. चौकट आडवी झोका घेते.

ओरडणं ऐकू येत नाही, ट्रॅक्टर चालूच आहे. मला फक्त त्याचं उघडलेलं तोंड दिसतं.

धाकटा चौकटीला खांदा लावतो, पट्टेवाला धावतो, दोघे मिळून ती वीतभर मागे रेटतात. हात सुटतो. डाव्या हाताची अनामिका टोकाकडून चपटी झालीय, करंगळी भलत्याच दिशेला वळलीय. रक्त आधी येत नाही, मग एकदम येतं. कुणीतरी तंबाखूची पुडी सोडतो, जखमेवर दाबायला. शेतकऱ्याची सून घरातून धावत येते, त्याचा हात बाजूला सारते, कॅनमधलं पाणी बोटांवर धरते, धुतलेला सुती कपडा गुंडाळते आणि थोरल्याचा हात उचलून त्याच्याच खांद्याच्या वर धरून ठेवते. "खाली घेऊ नका भाऊ, वरच ठेवा." बोटात चांदीची अंगठी आहे. सूज चढायच्या आत ती निघायला हवी. बाई तेल लावून ती काढते. या सगळ्या गोंधळात नेमकं काय करायचं हे तिला एकटीला माहीत आहे, आणि मी तिच्याकडे बघत राहतो.

मोटारसायकलवर तिघे बसून तुळजापूरला निघतात. मी मागे दुसऱ्या गाडीवर.

दवाखान्यात मंगळवारची गर्दी आहे. देवीचा वार, दर्शनाला आलेल्यांपैकी कुणाला उन्हाने चक्कर, कुणाचा पाय मुरगळलेला. धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, एक्स-रे होतो. करंगळीचं हाड मोडलंय. अनामिकेचं टोकाचं पेर वाचणार नाही, ते काढावं लागेल. डॉक्टर तरुण आहे, हात हळुवार आहे. तो विचारतो, "कसं झालं?"

थोरला भावाकडे बघतो. धाकट्याच्या कानाला फोन आहे, पलीकडे गुत्तेदार बोलतोय. धाकटा फोन खाली घेतो आणि म्हणतो, "शेतात लागलं."

केसपेपरवर तेवढंच उतरतं: शेतात काम करताना इजा. त्यात यारी नाही, साखळी नाही, चौकटीचं वजन नाही, गुत्तेदार नाही. माझ्यासमोर हे चार शब्द कागदावर चढतात आणि एका औद्योगिक अपघाताचं साधं लागणं होतं. अशाने हा अपघात कुठल्या मोजणीत कधी येणार? जे फुटात बसत नाही त्याचा पैसा नाही, आणि जे कागदावर नाही त्याची भरपाई नाही.

कायद्यात मात्र हा माणूस आहे, आणि चांगला स्पष्ट आहे. 1923च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, कोणकोणत्या कामावरचा माणूस भरपाईला पात्र आहे ती यादी होती. तिच्यात 12 फुटांहून खोल किंवा सुरुंग वापरलेल्या खोदकामावरचा माणूस होता, आणि वेगळ्या नोंदीत उघडी विहीर बांधणारा, खोल करणारा माणूसही होता. 21 नोव्हेंबर 2025पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची ही जबाबदारी संहितेतही कायम आहे. जुन्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अनामिकेचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता 5 टक्के गेली असं धरलं होतं. वय 30, महिन्याची मजुरी हिशेबासाठी 15 हजार धरली, तर त्या सूत्राने एका पेराचे साधारण 93 हजार 600 रुपये होतात. शिवाय दवाखान्याचा खर्च, आणि हात बरा होईपर्यंत अर्धमासिक रक्कम वेगळी.

दवाखान्याच्या पायरीवर मी हे थोरल्या भावाला सांगतो. तो बँडेजकडे बघतो.

"एका पेराला?"

"हो."

"मागायचं कुणाला? उचल त्याचीच हाय अंगावर."

मला याच्यापुढे लगेच बोलता येत नाही. उचल ही विहिरीवरच्या माणसाच्या गळ्यातली दोरी आहे. ती किती घट्ट होऊ शकते हे याच जिल्ह्याने पाहिलंय. जून 2023मध्ये ढोकी पोलिसांनी खामसवाडी आणि वाखरवाडीच्या शिवारातून विहीर खोदणाऱ्या 11 मजुरांना सोडवलं. त्यांच्याकडून दिवसाला 12-14 तास खोदकाम करून घेतलं जात होतं आणि रात्री पळून जाऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवलं जात होतं. त्यांतला एक जण निसटून घरी पोचला, म्हणून बाकीच्यांचा पत्ता लागला. ती टोळी गुन्हेगारांच्या हातात होती, आजची टोळी तशी नाही. इथे मामा आहे, चहा आहे, हसणं-बोलणं आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. त्या 11 जणांची नावं त्या विहिरींच्या कुठल्या कागदावर नव्हती, आणि या सहा जणांचीही नाहीत. विहिरीच्या खाली कोण आहे हे लिहून ठेवायची रीतच नाही, म्हणून माणूस बांधला गेला तरी कळत नाही आणि चिरडला गेला तरी कळत नाही.

याच तालुक्यातून सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा नवा रेल्वेमार्ग जातोय. अशा कामावरच्या क्रेनला तपासणीचा दाखला लागतो, हेल्मेट लागतं, हजेरीपट ठेवावा लागतो, कारण तिथे माणसं जास्त. बांधकाम कामगारांच्या 1996च्या कायद्याने ती रेषा 10 कामगारांवर आखली. सहा माणसांची यारी त्या रेषेच्या खाली राहते. मोठ्या कामावर दाखले असले म्हणजे सगळं ठीक चालतं असंही मी म्हणणार नाही. 31 जुलै 2023च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि 20 माणसं गेली. पण तिथे निदान गुन्हा दाखल झाला, चौकशी झाली, सरकारी मदत जाहीर झाली, मेलेल्यांची नावं छापून आली. काक्रंब्याच्या शिवारात गेलेल्या पेराची बातमी कुठे येणार?

दुपारी परत शिवारात येतो, तर यारी नव्या शेतात पोचलीय. पाच जण ती उभी करतायत. पोकलेनने वरचा 20 फुटांचा मुरूम काढून ठेवलाय, त्या खड्ड्याच्या काठावर चौकट बसतेय. काठ ताजा आहे, भुसभुशीत. चौकट दोन फूट मागे घ्यायला हवी असं वडार मिस्त्री म्हणतो, आणि मामा ऐकतो. या वेळी मामा पोरग्याला जवळ बोलावतो, ताणाच्या पहारीपाशी उभा करतो आणि हाताने दाखवतो: आधी हे, मग हे, हे सगळ्यात शेवटी. पोरगा मान हलवतो. पट्टेवाला लांब साखळी शोधून काढतो आणि कुणी न सांगता चौकटीला दोर बांधतो, दुसरं टोक लांब उभं राहून हातात धरतो. उलटा क्लॅम्प मी मामाला दाखवतो. तो पाना मागतो आणि सरळ करतो. तार मात्र तीच आहे.

संध्याकाळपर्यंत दोन बकेटी निघतात. धाकटा भाऊ परत आलाय आणि खाली उतरलाय, थोरल्याचा वाटा भरून काढायला.

नव्या विहिरीचा शेतकरी बांधावर उभा आहे. त्याची विहीर मनरेगातून मंजूर झालीय. 2022 साली राज्याने या सिंचन विहिरींचं अनुदान 3 लाखांवरून 4 लाखांवर नेलं, तेव्हापासून गावोगाव मागणी वाढलीय आणि यारीला उसंत नाही. त्याच्याशी मी बोलतो, आणि जे त्याच्याशी बोलतो तेच विहीर काढायला निघालेल्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगायचंय. गुत्तं ठरवताना भाव फक्त फुटाचा ठरवू नका, यारी हलवायचा आणि उभी करायचा एक दिवस मजुरीने धरा. तुमच्या लाखांच्या खर्चात ती रक्कम लहान आहे, आणि तिने घाई संपते. तार बांधावर पसरा आणि फडक्यातून ओढून बघा. अडकली तर नवी आल्याशिवाय माणूस आत उतरू देऊ नका. गुत्त्याच्या कागदावर गुत्तेदाराचं नाव असतं, त्याच्याखाली विहिरीत उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय आणि गाव लिहा आणि त्या कागदाचा फोटो त्या माणसांच्याच मोबाइलवर पाठवा. पंचायत समितीनेही अनुदानाचा हप्ता सोडताना ही यादी आणि यारी तपासल्याचा दाखला मागावा. आणि कुणाला लागलंच, तर दवाखान्यात "शेतात लागलं" म्हणू नका. "विहिरीच्या कामावर, यारी चढवताना लागलं," असं सांगा आणि तसंच लिहून घ्या.